बुधन शबर आणि कोठडीबाहेरची नोंद

हा भाग आपण कोलकात्यात, एस्प्लनेडला चित्रित केला. ज्यांनी तो पाहिला त्यांना आठवत असेल, मी बोलत असताना मागे एक बसवाला सारखा "पुरुलिया, पुरुलिया" ओरडत होता. कॅमेरा माझा भाचा सांभाळतो. तो म्हणाला, "मामा, आवाज येतोय, थांबूया का?" मी म्हटलं, राहू दे. आजचा विषय त्या पुरुलियातूनच आलेला आहे.

प्रश्न मात्र अमेरिकेतून आला. माझी मुलगी मिनेसोटात राहते. २५ मे २०२० रोजी तिथल्या मिनिआपोलिस शहरात जॉर्ज फ्लॉइड या ४६ वर्षांच्या कृष्णवर्णीय माणसाला पोलिसांनी रस्त्यावर पालथं पाडलं. कारण काय, तर दुकानात वीस डॉलरची खोटी नोट दिल्याचा संशय. एका पोलीस अधिकाऱ्याने नऊ मिनिटांहून जास्त वेळ त्याच्या मानेवर गुडघा दाबून धरला आणि तो माणूस मेला. पोलिसांनी जे पहिलं निवेदन काढलं त्यात गुडघा नव्हताच. पोलीस कारवाईच्या वेळी प्रकृती बिघडून एक जण दगावला, असा त्याचा सूर होता. खरं काय घडलं ते जगाला कळलं, कारण डार्नेला फ्रेझर ही सतरा वर्षांची मुलगी फुटपाथवर उभी राहून मोबाइलवर चित्रण करत राहिली. पुढच्या वर्षी तो अधिकारी दोषी ठरला, साडेबावीस वर्षांची शिक्षा झाली.

त्या आठवड्यात मुलीचा फोन आला. शहर पेटलेलं होतं. ती म्हणाली, "बाबा, आपल्याकडे असं होतं का?" मी म्हटलं, "आपल्याकडे काळे-गोरे नाहीत. पोलीस मारतात, पण रंग बघून मारत नाहीत." फोन ठेवला आणि मला स्वतःचीच लाज वाटली. माझं उत्तर चूक होतं, आणि ते चूक आहे हे ज्यांना पक्कं माहीत असायला हवं अशांपैकी मी एक होतो. का, ते पुढे सांगतो.

आधी जागा समजून घ्या. एस्प्लनेड म्हणजे कोलकात्याचा मध्य. बंगाली लोक धर्मतळा म्हणतात. एका बाजूला चौरंगी, समोर मैदान, आणि मैदानाच्या पलीकडे फोर्ट विल्यम, आपल्या लष्कराच्या पूर्व विभागाचं मुख्यालय. आता त्याचं नाव विजय दुर्ग झालंय, आपल्या सिंधुदुर्गातल्या विजयदुर्गावरून. माझं १९९८ चं पोस्टिंग तिथलंच. एस्प्लनेडवरून पश्चिमेला राज्यपालांच्या निवासस्थानाच्या कडेने चालत निघालात की पंधरा-वीस मिनिटांत टाउन हॉल येतो आणि त्याला लागून कलकत्ता उच्च न्यायालय. न्यायालयाचा पत्तासुद्धा एस्प्लनेड रो वेस्ट असाच आहे. त्या वर्षी या रस्त्याने मी किती वेळा गेलो असेन, मोजदाद नाही. त्याच वर्षी त्या इमारतीत बुधन शबरचा खटला चालला होता. मी वर्तमानपत्रात वाचलं, पान उलटलं.

बुधन सत्तावीस वर्षांचा होता. पुरुलिया जिल्ह्यातल्या अकरबाईद गावचा, खेडिया शबर जमातीचा. १० फेब्रुवारी १९९८ रोजी तो बायकोला, श्यामलीला, सायकलवर घेऊन निघाला होता. वाटेत पान घ्यायला थांबला, तिथून बराबाजार ठाण्याच्या पोलिसांनी त्याला उचललं. (हे बराबाजार पुरुलियातलं, कोलकात्याचं बडाबाजार नव्हे.) संशय चोरीचा. काही दिवस तो पोलिसांच्या ताब्यात होता, मग पुरुलियाच्या तुरुंगात रवाना झाला, आणि १७ फेब्रुवारीला मेला. सरकारी कागदावर लिहिलं गेलं: गमछाने गळफास घेऊन आत्महत्या.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या, सगळं तिच्यावर उभं आहे. कोठडीत माणूस मेला की त्याच्या मृत्यूची पहिली नोंद कोण लिहितो? ज्याच्या ताब्यात तो होता, तोच. मिनिआपोलिसला 'प्रकृती बिघडली', पुरुलियाला 'आत्महत्या'. दोन्हीकडे पहिला कागद वर्दीचा आहे. दुसरा कागद तयार करणारं कोणी बाहेर असेल तरच पहिला कागद तपासला जातो. एरवी तो तसाच फायलीत जातो आणि तीच सत्य घटना होऊन बसते.

पुरुलियात बाहेर कोणीतरी होतं. पश्चिम बंग खेडिया शबर कल्याण समिती ही संस्था गोपीबल्लभ सिंहदेव यांनी तिथे साठच्या दशकात उभी केली होती. लेखिका महाश्वेता देवी कित्येक वर्षं या संस्थेबरोबर काम करत होत्या. ही मंडळी काय करायची? तर अगदी साधी कामं. शाळा, बियाणं, हस्तकला, अर्ज लिहून देणं, ठाण्यात सोबत जाणं. त्यामुळे बुधन मेला तेव्हा संस्थेला तो कोण, कुठला, घरी कोण हे आधीपासून माहीत होतं. आणि पोलिसांना काय हवं असेल तेही माहीत होतं: प्रेत लवकर जळायला हवं.

शबरांनी तेव्हा जे केलं ते मी आजवर ऐकलेल्या सगळ्या 'डिसेप्शन'च्या धड्यांना मागे टाकतं. त्यांनी पोलिसांच्या देखत गवताचा पुतळा जाळला. खरं प्रेत बुधनच्या झोपडीच्या जमिनीत पुरून ठेवलं. निरक्षर म्हणून ज्यांची हेटाळणी होते त्या माणसांनी पुरावा म्हणजे काय हे बरोबर ओळखलं होतं. मग समितीने कलकत्ता उच्च न्यायालयात अर्ज केला, न्यायालयाने दुसऱ्या शवविच्छेदनाचा हुकूम दिला, प्रेत उकरून काढून ते झालं. जुलै १९९८ मध्ये न्यायमूर्ती रूमा पाल यांनी निकाल दिला. आत्महत्येची कहाणी टिकली नाही. श्यामलीला ८५ हजार रुपये भरपाई आणि सीबीआय चौकशीचा आदेश झाला.

आता माझ्या मुलीच्या प्रश्नाकडे. बुधनला का उचललं? त्याचा रंग बघून नाही, हे खरं. त्याची जमात बघून. आणि ही जमात म्हणजे चोर, हे ठरलं कधी?

१८७१ साली ब्रिटिश सरकारने गुन्हेगार जमाती कायदा केला. स्थानिक सरकारला वाटलं की अमुक जमात गुन्हे करण्याची सवय असलेली आहे, तर तसं जाहीर करायचं. या जाहीरनाम्याला कुठल्याही न्यायालयात आव्हान देता येत नव्हतं. मग त्या जमातीतल्या माणसांची नावं रजिस्टरात, पोलिसांकडे हजेरी, गाव सोडायचं तर पास. मूल जन्मलं की तेही त्याच यादीतल्या घरात जन्मलेलं. सुरुवातीला उत्तर हिंदुस्थानात, पुढे बंगालमध्ये, आणि १९११ च्या कायद्याने देशभर. आपल्याकडे पारधी, रामोशी, कैकाडी, टकारी, भामटे, यादी लांबलचक आहे. बंगालमध्ये लोधा आणि त्यांच्यासारखे लोक. ३१ ऑगस्ट १९५२ ला हा कायदा देशभर रद्द झाला, म्हणून या जमातींना 'विमुक्त' म्हणतात. पण त्याच्या जागी राज्याराज्यांत सराईत गुन्हेगार कायदे आले, मुंबई राज्याचा १९५९ चा. नाव बदललं. ठाण्यातल्या डोक्यातली यादी तशीच राहिली.

अमेरिकेतही काळ जवळपास हाच. १८६५ साली गुलामगिरी संपली. मिसिसिपी राज्याने लगेच कायदे केले की मोकळ्या झालेल्या काळ्या माणसाकडे कामधंद्याचा लेखी पुरावा हवा, नसेल तर तो भटका, आणि भटका म्हणजे गुन्हेगार. तिथे पुरावा, इथे पास. मागणारा दोन्हीकडे पोलीस. म्हणून मी आता मुलीला सांगतो की रंग हे तिथलं चिन्ह आहे, आपल्याकडे आडनाव आणि तांडा हे चिन्ह. यंत्र एकच आहे. जोतीराव फुल्यांना हे दीडशे वर्षांपूर्वी दिसलं होतं. १८७३ ची 'गुलामगिरी' त्यांनी अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना.

फौजी माणूस म्हणून एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण ती आम्ही सहसा सांगत नाही. ज्या राजवटीने 'गुन्हेगार जमाती'ची यादी केली त्याच राजवटीने 'लढाऊ जमाती'चीही यादी केली. अमुक जन्मतः चोर, तमुक जन्मतः शिपाई. दोन्ही याद्यांमागचा विचार एकच, की माणूस कसा वागणार हे त्याच्या जन्मावरून कळतं. कोरेगावला लढलेल्या महारांची भरती याच लढाऊ जमातींच्या सिद्धांतापायी १८९२ च्या सुमारास बंद झाली. गोपाळबाबा वलंगकरांनी त्याविरुद्ध अर्ज लिहिला. महार रेजिमेंट उभी राहायला १९४१ साल उजाडावं लागलं. आम्ही पहिल्या यादीबद्दल नाक मुरडतो आणि दुसरीबद्दल छाती फुगवतो. मीही फुगवलेली आहे.

शिवाय बंगालमध्ये आपण मराठी माणसं स्वतःच एका यादीत आहोत, हे किती जणांना माहीत आहे? १७४२ पासून नऊ-दहा वर्षं नागपूरकर भोसल्यांच्या फौजांनी बंगालवर स्वाऱ्या केल्या. बारगीर या आपल्या शब्दाचं तिकडे 'बर्गी' झालं आणि त्याचा अर्थ लुटारू. पोरं झोपावीत म्हणून आया अजून बर्गीच्या नावाचं अंगाईगीत म्हणतात. मराठ्यांच्या धास्तीने कलकत्त्याभोवती खंदक खणला गेला, त्याला मराठा डिचच म्हणायचे. मेसमध्ये माझा एक बंगाली सहकारी मला हसत हसत बर्गी म्हणायचा. मीही हसायचो. मला ते शक्य होतं, कारण त्या नावापायी माझ्या क्वार्टरवर रात्री कोणी येणार नव्हतं. बुधनच्या वाट्याला आलेला शब्द तसा नव्हता.

आता ती गोष्ट, जी मी बावीस वर्षं घरीसुद्धा सांगितली नव्हती.

३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला. मदतकार्याला लष्कर गेलं, त्यात आमची तुकडी होती. मी मेजर होतो, वय तेहतीस. ढिगारे, प्रेतं, पाऊस. एका रात्री छावणीतून ताडपत्र्यांचे काही गठ्ठे नाहीसे झाले. त्या दिवसांत ताडपत्री म्हणजे सोनं. जवळच्या ठाण्याचा फौजदार सकाळी चहाला आला होता, त्याला मी म्हटलं, "आसपास पारध्यांची वस्ती आहे का हो?" एवढंच. प्रश्न होता तो, तक्रारही नव्हती. संध्याकाळपर्यंत दोन माणसं ठाण्यात होती.

तिसऱ्या दिवशी गठ्ठे सापडले. आमच्याच दुसऱ्या ट्रकमध्ये, आमच्याच चुकीने चढवलेले. मी ठाण्यात गेलो. दोघांना सोडून देत होते. त्यातला एक जण भिंत धरून चालत होता. कोणी काही बोललं नाही. फौजदार मला म्हणाला, "साहेब, यांचं काय मनावर घेता."

ठाण्याबाहेर पिंपळाच्या पारावर एक मुलगी बसली होती. समाजकार्याचं शिक्षण घेणारी, मदतकार्यासाठी मुंबईहून आलेली. मांडीवर वही. ती तीन दिवस तिथे बसून होती, हे मला नंतर कळलं. तिने विचारलं, "मेजर साहेब, तुम्ही लेखी तक्रार दिली होती का?"

"नाही."

"मग यांना कुठल्या गुन्ह्यात आणलं होतं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मला तिचा राग आला, हेही सांगतो. भूकंपात माणसं मेलीत आणि ही वही घेऊन बसलीय, असं मनात आलं. त्या दोघांची मी माफी मागितली नाही. गाडीत बसलो आणि निघालो.

त्या ठाण्याच्या स्टेशन डायरीत त्या दोघांची नोंद नव्हती, हे त्याच मुलीने मला ऐकवलं. म्हणजे सरकारच्या लेखी ती दोन माणसं तीन दिवस कुठेच नव्हती. असलीच तर तिच्या वहीत होती. त्यातला एखादा मेला असता तर माझा तो एक प्रश्न कुठल्याही कागदावर आला नसता. हुकूम तोंडी दिला की तो दिलेलाच नसतो, हे वर्दीतल्या प्रत्येकाला माहीत असतं.

तुम्ही म्हणाल, आता कायदे आहेत. आहेत. आणि त्यातला सगळ्यात मोठा पुन्हा याच राज्यातून आलेला आहे. जुलै १९८६ मध्ये कलकत्त्याच्या वर्तमानपत्रांत कोठडीतल्या मृत्यूंच्या बातम्या आल्या. त्या वाचून डी. के. बसू यांनी २६ ऑगस्ट १९८६ ला देशाच्या सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं. बसू हे पश्चिम बंगालमधल्या कायदेविषयक मदत करणाऱ्या संस्थेचे कार्याध्यक्ष. न्यायालयाने पत्रालाच याचिका मानलं. निकाल आला १८ डिसेंबर १९९६ ला, दहा वर्षांनी. न्यायमूर्ती कुलदीप सिंग आणि ए. एस. आनंद यांनी अटकेचे अकरा नियम घालून दिले. पकडणाऱ्या पोलिसाच्या छातीवर नाव हवं. अटकेच्या वेळीच कागद करायचा, त्यावर वेळ, तारीख, साक्षीदाराची सही आणि पकडलेल्या माणसाची सही. त्याच्या एका नातेवाइकाला किंवा मित्राला कळवायचं. दर ४८ तासांनी डॉक्टरकडून तपासणी. अंगावर आधीच्या जखमा असतील तर त्यांची नोंद. हे सगळं ठाण्यात दिसेल असं लावायचं. पुढे यातलं बरंचसं फौजदारी प्रक्रिया संहितेत आलं, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही आहे.

आता तारखा जुळवून पाहा. निकाल डिसेंबर १९९६ चा. बुधन मेला फेब्रुवारी १९९८ मध्ये. चौदा महिने. ज्या राज्यातल्या पत्रावरून नियम झाले त्याच राज्यात. नियम भिंतीवर होते की नव्हते मला ठाऊक नाही, पण त्यांनी बुधन वाचला नाही. त्याच्या मृत्यूचा छडा लागला तो नियमामुळेही नाही. गवताचा पुतळा जाळणाऱ्या माणसांमुळे आणि अर्ज लिहिणाऱ्या संस्थेमुळे लागला. माझं ठाम मत आहे की पोलिसांना संवेदनशीलतेची व्याख्यानं देऊन यातलं फारसं बदलत नाही. मी स्वतः अशी व्याख्यानं दिली आहेत. बदलतं ते तेव्हा, जेव्हा आतल्या माणसाला कळतं की बाहेर कोणीतरी वेळ लिहून ठेवली आहे.

बुधनचं प्रकरण पुढे आपल्यापर्यंत आलं, तेही ऐका. महाश्वेता देवींनी ते वडोदऱ्यात गणेश देवींपुढे मांडलं. देवी मूळचे भोरचे. त्यांच्याबरोबर 'उचल्या'कार लक्ष्मण गायकवाड आले, आणि १९९८ मध्येच विमुक्त व भटक्या जमातींच्या हक्कांसाठी एक कृतिगट सुरू झाला. अहमदाबादच्या छारानगरमधल्या छारा तरुणांनी 'बुधन' नावाचं नाटक बसवलं, त्यांच्या मंडळीचं नावच पुढे बुधन थिएटर पडलं. पुरुलियात कधी न गेलेल्या मुलांना ती गोष्ट आपल्या घरची वाटली. आणि त्याच वर्षी जूनमध्ये आपल्या बारामतीत पिन्या हरी काळे हा पारधी मजूर पोलिसांच्या ताब्यात मेला. मुलीला मी म्हणालो होतो, आपल्याकडे असं नाही.

पण समाजकार्याची आरती ओवाळून मी थांबलो तर ते अर्धसत्य होईल. गुन्हेगार जमातींसाठी तारेच्या कुंपणातल्या वसाहती होत्या, सेटलमेंट. सोलापूरची सगळ्यांना माहीत आहे, तिथली माणसं गिरण्यांत कामाला जायची आणि हजेरीला परत यायची. या वसाहती कोण चालवत होतं? सोलापुरात अमेरिकन मराठी मिशन. इतर ठिकाणी साल्व्हेशन आर्मी. म्हणजे शाळा काढणारे, औषध देणारे, मनाने चांगले लोक. त्यांनी शिकवलंही, हे नाकारू नये. पण कुंपणाची किल्ली त्यांच्याच हातात होती, आणि पळून गेलेल्याची वर्दी तेच पोलिसांना देत. अमेरिकेतल्या समाजकार्यकर्त्यांच्या राष्ट्रीय संघटनेने २०२१ मध्ये आपल्या व्यवसायाने वंशभेदात घेतलेल्या वाट्याबद्दल जाहीर माफी मागितली. आपल्याकडे कोणी मागितल्याचं माझ्या वाचनात नाही.

म्हणून मी आता समाजकार्यकर्त्याला एकच प्रश्न विचारतो: तुझी वही कोणासाठी आहे? ठाण्यासाठी की ठाण्याबाहेर बसलेल्या आईसाठी?

ठाण्याच्या आत बसूनही बाहेरची वही ठेवता येते, याचं उदाहरण मुंबईत आहे. टाटा समाज विज्ञान संस्थेने १९८४ मध्ये मुंबई पोलिसांच्या यंत्रणेत महिला आणि मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. समाजकार्यकर्ती पोलिसांच्या इमारतीत बसते, पण पोलीस नसते. पुढे हे कक्ष राज्यभर झाले. त्याच संस्थेचा 'प्रयास' हा प्रकल्प १९९० मध्ये आर्थर रोड तुरुंगातून सुरू झाला. कच्च्या कैद्याला वकील मिळवून देणं, घरी निरोप पोचवणं, सुटल्यावर काम बघणं. कंटाळवाणी कामं आहेत ही. यात फोटो काढण्यासारखं काही नसतं. पण ज्या कैद्याच्या घरी निरोप गेलेला आहे, त्याला मारताना हात जरा थांबतो.

अमेरिकेत डेन्व्हर शहराने जून २०२० मध्ये वेगळी वाट धरली. काही प्रकारच्या तातडीच्या फोनला, म्हणजे कोणी भ्रमिष्टासारखा वागतोय, कोणी नशेत पडलाय, पोलीस पाठवायचेच नाहीत. मानसिक आरोग्याचा कार्यकर्ता आणि वैद्यकीय मदतनीस पाठवायचा. मला ही कल्पना आवडते, पण ती आपल्याकडे उचलून आणली की काम झालं असं मी मानत नाही. बुधनसाठी कोणी फोन केला नव्हता. त्याला यादीने बोलावलं होतं.

ती यादी पुसण्याचं काम अजून चालू आहे. बाळकृष्ण रेणके यांच्या आयोगाने २००८ मध्ये आणि भिकू रामजी इदाते यांच्या आयोगाने नंतर सविस्तर अहवाल दिले, दोघेही आपल्याच मातीतले. ३ ऑक्टोबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर निकाल देताना तुरुंगांच्या नियमावल्यांतल्या जातिभेदाच्या तरतुदी रद्द केल्या. विमुक्त जमातींना सवयीचे गुन्हेगार मानणाऱ्या तरतुदीही त्यात आल्या. १८७१ ची शाई २०२४ पर्यंत तुरुंगाच्या पुस्तकात ओली होती, असं म्हणायचं.

आणि त्यानंतर दोन-अडीच महिन्यांतच परभणी. सोमनाथ सूर्यवंशी, वडार समाजाचा, कायद्याचा विद्यार्थी. संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाल्यावर शहरात उसळलेल्या आंदोलनात अटक झाली आणि १५ डिसेंबर २०२४ ला न्यायालयीन कोठडीत असताना मृत्यू झाला. शवविच्छेदनाच्या मतात अनेक जखमांमुळे बसलेल्या धक्क्याचा उल्लेख होता, सरकारचं म्हणणं वेगळं होतं. आई न्यायालयात गेली. जुलै २०२५ मध्ये औरंगाबाद खंडपीठाने पोलिसांविरुद्ध गुन्हा नोंदवायला सांगितलं. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं, तिथे तो आदेश कायम राहिला. दोष कोणाचा ते न्यायालय ठरवील, मी ठरवणार नाही. मी एवढंच बघतो की इथेही पहिल्या कागदासमोर दुसरा कागद कोणीतरी ठेवला.

आता कामाचं. तुमच्या ओळखीच्या, किंवा अगदी अनोळखी माणसाला पोलिसांनी नेलं तर काय करायचं? सगळ्यात आधी घड्याळ बघा आणि वेळ लिहा. कुठून नेलं, गाडीचा नंबर, वर्दीवरचं नाव. ठाण्यात एकट्याने जाऊ नका, दोघं जा. अटक केली आहे का, हे विचारा. केली असेल तर अटकेचा कागद झाला का, त्यावर साक्षीदार कोण, नातेवाइकाला कळवलं का, हे विचारा. "नुसतं चौकशीला आणलंय" असं उत्तर आलं तर तेही वेळेसकट लिहा, कारण घटनेच्या २२ व्या कलमाप्रमाणे चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभं करायचं असतं आणि तो हिशोब पुढे तुमच्या वहीवरूनच होणार आहे. वैद्यकीय तपासणी मागा. ठाण्यात सीसीटीव्ही हवेत हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्येच सांगितलं आहे, म्हणून चित्रण जपून ठेवावं असा अर्ज त्याच दिवशी द्या आणि पोच घ्या. पोच मिळाली नाही तर स्पीड पोस्टाने पाठवा. कोठडीतल्या माणसाला सरकारी खर्चाने वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा किंवा १५१०० वर फोन करा. आणि आवाज चढवू नका. आतल्या माणसावर त्याचा राग निघतो.

त्या वहीवाल्या बाईंना मी २०१५ साली शोधून काढलं. आता त्या पन्नाशीच्या पुढे आहेत, मराठवाड्यातच राहिल्या. फोनवर मी नाव सांगितलं, त्या म्हणाल्या, "ताडपत्रीवाले मेजर ना?" भेटायला गेलो. वही अजून होती, कडा वाळवीने खाल्लेल्या. पानावर दोन नावं, आणल्याची वेळ संध्याकाळी पावणेसात, सोडल्याची वेळ, कोणाच्या कुठे मार आहे ते. खाली एक ओळ होती: तक्रार तोंडी, करणारा लष्करी अधिकारी, आणि माझं आडनाव, थोडं चुकवलेलं. मी पेन मागितलं आणि ते दुरुस्त केलं. त्या दोघांपैकी एक वारला होता. दुसऱ्याचा पत्ता त्यांनी दिला. त्याच्या वस्तीवर गेलो, तो नव्हता, ऊसतोडीला कर्नाटकात गेला होता. त्याच्या सुनेने पाणी दिलं आणि विचारलं, "काय काम हाय, साहेब?"

मी काम सांगितलं. ती ऐकून घेऊन म्हणाली, "त्यांना सांगते. पुन्हा या, दिवाळीनंतर."